राखेचा स्लॅब आणि नानांचं ठिबक

कोकणात घर बांधायचं म्हटलं की माणूस आधी विचारतो, जांभ्याचा चिरा कुठल्या खाणीचा. मीही तेच विचारलं. बँकेतून निवृत्त झाले तेव्हा चिपळूणच्या बाहेर वडिलांच्या थोडक्या जागेत दोन खोल्या बांधायच्या, एवढाच माझा बेत होता. खाण बघायला गेले तर लहानपणी ज्या टेकडीवर करवंदं खाल्ली ती टेकडी जागेवर नव्हती. तिथे चौकोनी खड्डा होता आणि त्यात हिरवं पाणी. घरी येऊन मी सुनंदाला फोन लावला आणि बराच वेळ चिडून बोलत राहिले.

सुनंदा माझी वसतिगृहातली मैत्रीण. ती जळगावला तंत्रनिकेतनात बांधकाम शिकवते. तिने माझं सगळं रडगाणं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "मग राखेचं बांध." मला वाटलं थट्टा करतेय. "थट्टा नाही. इकडे ये आणि बघ. आणि भरिताची वांगी संपायच्या आत ये." खरं सांगायचं तर मी निघाले ते या दुसऱ्या कारणासाठी. चार दिवसांत परत येते असं घरी सांगितलं होतं, ते काही जमलं नाही.

जळगाव

पहिल्याच संध्याकाळी सुनंदाच्या अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ पेटला. त्यात हिरवट पांढरी, वीतभर लांबीची वांगी टाकली. आमच्याकडे वांगं गॅसवर भाजतात आणि त्यालाच भरीत म्हणतात. इथे तसं कुणी म्हटलं तर लोक हसून सोडून देतील. भाजलेली वांगी मिरच्यांसकट लाकडी भांड्यात ठेचली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे, सोबत कळण्याची भाकरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. मी नारळ कुठे आहे असं विचारून पाहिलं. सुनंदाने माझ्याकडे अशी नजर टाकली की पुढचे सगळे दिवस मी नारळाचं नाव काढलं नाही.

जाळ विझला तशी ती काडीने राख सारत बसली आणि मला सिमेंट शिकवू लागली. शिकवणं तिच्या अंगातच आहे, समोर श्रोता असला की झालं. "सिमेंट करायचं म्हणजे चुनखडी भट्टीत भाजायची. भट्टीच्या कोळशाचा धूर तर असतोच, पण चुनखडी भाजली की त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो. भट्टी कितीही सुधारलीस तरी तो निघणारच. म्हणजे उपाय काय, तर सिमेंट कमी वापरायचं."

"आणि भिंत पडू द्यायची."

"ऐक तरी. वीज केंद्रात कोळसा जळतो, त्याची पिठासारखी बारीक राख उरते. काही सिमेंट काढून त्या जागी ही राख घालायची. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं तेव्हा थोडा चुना मोकळा राहतो. राख त्या चुन्याला धरते आणि हळूहळू तिचाही दगड होतो."

"हळूहळू म्हणजे किती?"

"म्हणजे तुझ्यासारखीला जमणार नाही इतकं," ती म्हणाली. "पाणी जास्त दिवस द्यावं लागतं आणि धीर धरावा लागतो. पण एकदा घट्ट झाली की साध्या काँक्रीटपेक्षा कमी पाणी झिरपू देते."

मग तिने खरी गोष्ट सांगितली. धरणगावच्या पुढे, तापीकडे तिचं माहेर आहे. तिथल्या बौद्ध वस्तीत विहाराला लागून मुलांसाठी अभ्यासिका बांधायची हे तिच्या वडिलांचं कित्येक वर्षांचं म्हणणं. एका खोलीत पाच-सहा माणसं राहतात, पोरांनी पुस्तक उघडायचं कुठे? वस्तीने श्रमदान केलं, भिंती राखेच्या विटांच्या झाल्या, आणि छताचा स्लॅबही सुनंदाने राख घालूनच ओतून घेतला. गावातले काही लोक म्हणाले, राख ही गावाबाहेर टाकायची वस्तू, ती डोक्यावर कशाला घेता? तिने भर बैठकीत सांगितलं की या छताची जबाबदारी माझी. स्लॅब अजून टेकूंवर होता. "उद्या बघायला जाऊ," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातली काळजी माझ्या लक्षात आली.

नशिराबादच्या वाटेवर

गावाला जाण्याआधी तिने मला उलट्या दिशेला नेलं. भुसावळकडे जाणाऱ्या महामार्गावर, नशिराबादच्या जवळ राखेच्या विटा करणारे काही कारखाने आहेत. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक मिसळायचं यंत्र, एक दाबायचं यंत्र आणि मागे उन्हात मांडलेल्या करड्या विटांच्या रांगा. भट्टी कुठेच दिसेना. मी विचारलं तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "या भाजायच्या नसतातच ताई. दाबायच्या आणि पाणी पाजायचं." राख, थोडा चुना, दगडाची कच आणि पाणी, एवढाच मामला. शेतातली काळी माती खणायची नाही, लाकूड जाळायचं नाही.

मी त्या दिवशी पांढरी साडी नेसून गेले होते. सुनंदाने आधीच सांगितलं होतं, नेसू नकोस. बंद टँकरमधून राख उतरत होती, तिचा एक झोत वाऱ्याने वळला आणि मी डोक्यापासून पायापर्यंत करडी झाले. मालकीणबाईंनी तोंडाला पदर लावला, तो राखेमुळे नव्हे, हे मला कळलं. मग त्यांनीच मला नळाखाली नेऊन तोंड धुवायला लावलं आणि केळीचे वेफर्स दिले. तिथली एक वीट मी पिशवीत घालून घेतली. आजही ती माझ्या टेबलावर आहे.

तापीकडचं गाव

जळगावहून धरणगावपर्यंत कपाशीच कपाशी, वेचून झालेली, काड्या उभ्या. पुढे नदीकडे उतरायला लागलं की केळी सुरू होते. आमच्याकडे परसात दोन केळी असतात, पाहुणा आला की पान कापायचं. इथे केळी शिपायांसारखी रांगेत उभी असते आणि प्रत्येकीच्या पायाशी काळी नळी. ठिबक हा इथल्या लोकांच्या हाताचा धर्म आहे. पाणी मोजून, थेंबाथेंबाने, आणि खतही त्याच नळीतून.

सुनंदाचे वडील, आबा, विहाराच्या ओट्यावर बसलेले होते. एसटीत मेकॅनिक म्हणून आयुष्य काढलेला सडसडीत माणूस. "जय भीम, ताई. परवास कसा व्हयना?" म्हणाले. समोर अभ्यासिका. भिंती नेटक्या, वर स्लॅब आणि आत टेकूंचं जंगल. मी आबांना आत चला म्हटलं.

"टेकू निंघाशिवाय मी मधमा पाय ठेवाव नही," ते म्हणाले. "पोर सांगस पक्कं शे. व्हई. पन आधी पोरंसना डोक्यावर टिकनं पायजे."

स्लॅबला पाणी देण्याची तऱ्हा बघून मला मौजच वाटली. आमच्याकडे स्लॅबवर वाफे बांधून पाणी तुंबवतात. या गावात एवढं पाणी आणायचं कुठून? शेजारी नानांचं केळीचं शेत. नाना आबांच्या वर्गातले, लहानपणापासूनचे मित्र. त्यांनी आपल्या ठिबकची एक शाखा थेट कुंपणावरून स्लॅबवर आणली होती. गोणपाट पसरलेला, त्यावर नळ्या, आणि दिवसभर टिप टिप. सुनंदाला ही युक्ती इतकी आवडली होती की तिने त्या नळ्यांचे फोटो वर्गात दाखवले होते.

आम्ही शिडीने वर चढलो. सुनंदाने एका कोपऱ्यातला गोणपाट उचलला. तिथे तिने स्लॅबच्याच मालाचे ओतलेले काँक्रीटचे ठोकळे ठेवले होते, स्लॅबला जे पाणी तेच त्यांना. त्यांचेच काही भाऊ जळगावच्या प्रयोगशाळेत स्वच्छ पाण्याच्या टाकीत होते. बळ बघायला सगळे एकदमच फोडायचे होते. ठोकळ्यांवर आणि नळीच्या प्रत्येक छिद्राभोवती पांढरी वर्तुळं धरली होती.

"चुना फुटलाय," सुनंदा म्हणाली. "होतं असं."

मी समुद्राकाठची. पांढरं काही वाळलेलं दिसलं की बोट लावून जिभेवर टेकवायची खोड लहानपणापासूनची, आईने कितीदा तरी हातावर चापट मारलेली. मी बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं. खारट लागलं, मागून कडवट. चुना असा लागत नाही.

"सुनंदा, हे मीठ आहे," मी म्हटलं.

तिने स्वतः चाखलं. मग गोणपाटाच्या आणखी तीन ठिकाणी बोट लावून चाखलं. तिचा चेहरा उतरलेला मी वसतिगृहापासून फार वेळा पाहिलेला नाही. ती स्लॅबच्या कडेला गेली आणि खाली शेतात उभ्या असलेल्या नानांना हाक मारली.

"नाना, केळीले पोटॅश कधी सोडं?"

"हप्तामा दोनदा सोडस ना," नाना खालून म्हणाले. "काबरं?"

"आनि आपला हाऊ वाल? हाऊ बंद करतस का?" तिने स्लॅबकडे येणाऱ्या नळीच्या चावीकडे बोट दाखवलं.

नानांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "खत सोडं का बठ्ठा वाल उघडा," ते हळू आवाजात म्हणाले. बठ्ठा म्हणजे सगळे. "जनमभर तेच करत उनू. एक वाफा सुटी गया तं पीक मार खास. मी याले बी एक वाफाच समजनू."

एरवी मी पोट धरून हसले असते. स्लॅब ओतल्यापासून आठवड्यातून दोनदा त्याला केळीचं खत मिळत होतं. पण सुनंदा खाली येऊन ओट्यावर बसली आणि तिने आम्हाला सगळ्यांना समजावून सांगितलं. पोटॅशमध्ये मिठासारखाच क्षार असतो. तो काँक्रीटमध्ये उतरत उतरत सळईपर्यंत पोचला तर सळई आतून गंजते. गंजलेली सळई फुगते आणि काही वर्षांत छताचे पापुद्रे खाली पडायला लागतात. राखेचं काँक्रीट पक्व झाल्यावर क्षार आत येऊ देत नाही, पण हे अजून कोवळं आहे.

"काही होणार नाही ना?" मी विचारलं.

"बहुधा नाही," ती म्हणाली. "पण बहुधा म्हणून मुलांना खाली बसवता येत नाही. क्षार आतवर गेला असेल तर हा पाडावा लागेल."

आबा टेकूंकडे बघत बसून राहिले. नाना कुंपणापाशीच उभे होते. त्यांना आत बोलवायला कुणी गेलं नाही आणि ते आपण होऊन आले नाहीत. मला दोघांचंही वाईट वाटलं. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही, आणि जे राखेला नावं ठेवत होते ते आता राखेलाच दोष देऊ लागले. पोटॅशचं नाव कुणी घेईना. हे ऐकून मला असा राग आला की मी एका अनोळखी माणसाशी पाणवठ्यावर वाद घातला. सुनंदाने मला ओढून आणलं.

पिंपळनेर

ठोकळे फोडायला अजून अवकाश होता. लवकर फोडले तर राखेचं खरं बळ कळणार नाही. तोवर स्लॅबला भरपूर साधं पाणी द्यायचं ठरलं, म्हणजे वरचा क्षार धुऊन जाईल. खताच्या दिवशी तो उघडू नये म्हणून नानांनी त्या वालवर लाल फडकं बांधलं आणि रोज सकाळी आपल्या हाताने पाणी सोडू लागले.

सुनंदाला नुसतं बसवेना. "चल, माझा राखेचा पहिला स्लॅब बघून येऊ," ती म्हणाली. तो होता साक्री तालुक्यात, पिंपळनेरला. वाटेत धुळ्याला जेवायला उतरलो आणि मी मोठ्या ऐटीत शेवभाजी मागवली. पहिल्याच घासाला असा ठसका लागला की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने न विचारता आपला ताकाचा पेला माझ्यापुढे सरकवला. ते ताक मी त्याच्याकडे न बघता संपवलं.

पिंपळनेरला पोचेपर्यंत मुलूख बदलला. डोंगर जवळ आले, भातखाचरं दिसू लागली. सुनंदाच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं घर. तो नाशिकला नोकरीला होता, घरी त्याची आई. गाव त्यांना अक्का म्हणतं. त्यांनी आमच्यापुढे नागलीची भाकरी ठेवली आणि मला एकदम घरी आल्यासारखं झालं, कारण नागली म्हणजे आमची नाचणीच. माणसं बदलतात, बोली बदलते, भाकरीचा रंग तोच.

सुनंदा जेवणाआधीच छतावर चढली. तिथे पाण्याची टाकी होती आणि ती कित्येक वर्षं गळत होती. अक्कांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. सुनंदाने खालून स्लॅबचा कानाकोपरा हातोडीने वाजवून पाहिला. कुठे पोकळ आवाज नाही, कुठे गंजाचा डाग नाही.

"राखनं घर म्हने," अक्का हसून म्हणाल्या. "माले बी लोके बोलनात. मी सांगं, मूग राखमा ठेवस तं किडा लागत नही. घर बी तसंच ऱ्हाई." आणि खरंच, आतल्या कणगीत मूग राखेत कालवून ठेवलेले होते. मी हात घालून पाहिला, कोरडे आणि टणक. मुगाचं आणि काँक्रीटचं शास्त्र वेगळं, हे सुनंदाने वाटेत मला सांगितलंच. पण परतताना ती पहिल्यांदा गाडीत झोपली.

पुन्हा जळगाव

ठोकळे फोडायच्या दिवशी आबा आणि नाना एकाच एसटीने आले, पण वेगवेगळ्या बाकांवर बसून. मी बसस्थानकावर घ्यायला गेले होते. आबा पुढच्या दाराने उतरले, नाना सगळे उतरल्यावर. नानांच्या हातात केळीची फणी होती. ती कुणाला द्यावी हे त्यांना कळेना, मग माझ्या हातात दिली.

प्रयोगशाळेत दाबयंत्रात आधी टाकीतला ठोकळा ठेवला. दाब वाढत गेला, आकडा वर सरकत गेला आणि ठोकळा कडाडला. सुनंदाने आकडा वाचला आणि पुढचा, स्लॅबवरचा ठोकळा ठेवला. आम्ही तिघं तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, यंत्राकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तोही कडाडला. "जवळजवळ तेवढाच," ती म्हणाली. "बळाला काही झालेलं नाही."

नानांनी श्वास सोडला, पण सुनंदाने हात वर केला. खरा प्रश्न सळईचा होता. तिने एक ठोकळा मधोमध फोडला आणि ताज्या फुटलेल्या बाजूवर चांदीच्या क्षाराचं पाणी फवारलं. जिथपर्यंत पोटॅश पोचलं असेल तिथपर्यंत पांढरं होणार आणि पुढे तपकिरी, असं तिने आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. आबांनी चष्मा पुसला. मी नानांकडे बघायचं टाळलं.

कडेला पांढरी रेघ उमटली. नखाच्या जाडीची असेल. आम्ही ती वाढायची वाट बघत राहिलो, पण ती तिथेच थांबली. आतला सगळा भाग हळूहळू तपकिरी होत गेला.

"बस?" मी विचारलं.

"बस. एवढंच." सुनंदाने आपलं बोट ठोकळ्यावर आडवं धरलं. "सळई इतक्या आत असते. या रेघेपासून कितीतरी दूर. वरचं कातडं घासून धुऊन टाकू, झालं." आणि मग ती स्टुलावर बसून रडायला लागली. मीही रडले, मला त्याची लाज वाटत नाही. थोड्या वेळाने डोळे पुसून ती नानांना म्हणाली, "नाना, चूक माझी. त्या नळीतून आणखी काय जातं, हे मी विचारायला हवं होतं." नानांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

गावात, टेकू काढताना

टेकू काढायला वस्तीतली निम्मी माणसं जमली होती. मिस्त्री मधल्या टेकूपासून सुरुवात करून बाहेर येत गेला. एकेक टेकू पडल्याचा आवाज येई आणि जमलेली माणसं वर बघत. शेवटचा निघाला तेव्हा आत एकदम उजेड वाढल्यासारखं वाटलं. ठिबकच्या नळ्या गुंडाळून कुंपणापाशी ठेवलेल्या होत्या, आणि वालवर ते लाल फडकं अजून बांधलेलं होतं.

आधी सुनंदा आत गेली. दाराशी थांबून तिने वर पाहिलं. मग मी गेले, मीही वर पाहिलं. जो जो आला तो उंबऱ्यातच मान वर करून थबकला आणि मग आत आला. आबांनी चपला बाहेर काढल्या, आत येऊन छताकडे बराच वेळ पाहिलं, आणि खोलीच्या मधोमध जमिनीवर मांडी घालून बसले. पोरं त्यांच्याभोवती बसली. एकीने लगेच गणिताचं पुस्तक उघडलं. मी माझ्या दोन खोल्या कशाच्या बांधायच्या ते तिथेच ठरवून टाकलं.

नाना बाहेरच होते, कुंपणाला टेकून, आपल्या शेताकडे तोंड करून. आबांनी दारातून त्यांना पाहिलं.

"नाना," त्यांनी हाक मारली, "तठे काय करी ऱ्हायना? मधमा ये. तुन्हाच वाफा शे ना."

नानांनी टोपी नीट केली. चपला काढून ते सरळ आत आले आणि आबांच्या शेजारी बसले. दारात ते थांबले नाहीत, आणि वर त्यांनी पाहिलंच नाही.